शेजारच्या खोलीतला माणूस

वरणगावात ‘गोळी’ म्हटलं तर कुणी दचकत नाही. इथे गोळी म्हणजे पगार, क्वार्टर, शिफ्टचा भोंगा आणि पोराच्या लग्नाच्या बोलणीत मान ताठ ठेवणारी नोकरी. चीनच्या युद्धानंतर दोन वर्षांत, 1964 साली, इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली. तेव्हापासून 7.62 मिमीची आणि इन्सास रायफल आल्यावर 5.56 मिमीची काडतुसं इथून सैन्याकडे जातात. पितळेच्या छोट्या वाटीसारख्या तुकड्यापासून काम सुरू होतं. तो दाबत, ओढत लांब करायचा, मधेमधे भट्टीत तापवून नरम करायचा, की काडतुसाची नळी होते. मग बूड, तोंड, कॅप, दारू, आणि सगळ्यात शेवटी पुढची गोळी. टप्प्याटप्प्याला गेज लावून तपासणी. गेटवर काडेपेटी-बिडी काढून ठेवायची, आत काय चालतं ते आतच ठेवायचं. कॉलनीतली बाई शेजारणीला ‘यांची सेकंड शिफ्ट आहे’ एवढं सांगते आणि तेवढं पुरतं. 2021 च्या 1 ऑक्टोबरला जुनं बोर्ड मोडून कंपन्या झाल्या. आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली, भुसावळची यंत्र इंडियात. त्यावर गेटबाहेरच्या टपरीवर महिनोन्‌महिने चर्चा झाली. गोळीवर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चोपड्याच्या वर सातपुड्यात मध्य प्रदेशची हद्द लागते, तिथलं उमर्टी हे नाव पोलिसांच्या कागदात वारंवार येतं. पुण्या-मुंबईत गावठी कट्टे सापडले की तपासाचा माग बऱ्याचदा तिकडे जातो. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक काम सरकारी, मोजून-मापून नोंदवहीत चढलेलं. दुसरं चोरटं, अंधारातलं. पण माल बाहेर पडल्यावर कुणाच्या छातीत जातो, हा विषय दोन्हीकडच्या घरांत जेवताना निघत नसणार, एवढं साम्य मला दिसतं. दुहेरी आयुष्य जगणाऱ्या भाडोत्री मारेकऱ्याच्या सिनेमांवर आपल्या भागातल्या मंडळींनी लिहिलेले लेख एकत्र करायचे ठरले तेव्हा कुणीतरी विचारलं, भो, याचा आपल्याशी काय संबंध? त्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

पुढच्या बहुतेक लेखांच्या मध्यभागी एकच सिनेमा आहे: रामगोपाल वर्मांचा ‘सत्या’. 3 जुलै 1998 ला तो लागला. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा थिएटरात आला तेव्हा ज्यांचा जन्मही 1998 साली झाला नव्हता अशी पोरं तो बघायला गेली. ‘सत्या’वर आजवर लिहिलं गेलं ते मुख्यतः त्यातल्या खरेपणाबद्दल. खऱ्या गल्ल्या, खरा पाऊस, घामट चेहरे, तोंडात मुंबईची भाषा. ते सगळं बरोबरच आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ‘सत्या’ हा दोन घरांचा सिनेमा आहे. एका घराला सगळं ठाऊक आहे, दुसऱ्या घराला काहीच ठाऊक नाही, आणि सिनेमातली खरी हिंसा या दुसऱ्या घराच्या अज्ञानापायी होते. त्याकडे येण्याआधी थोडं बाहेरचं बघू.

परदेशी सिनेमातला मारेकरी हा बहुतेक वेळा एकटा असतो. फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलच्या 1967 च्या ‘ल सामुराई’मध्ये आलाँ दलाँ करड्या खोलीत राहतो. सोबतीला पिंजऱ्यातला एक पक्षी. बोलणं जवळपास नाहीच. 1994 च्या ‘लिऑन’मध्ये ल्यूक बेसाँने त्या एकट्या माणसाच्या दारात एक मुलगी आणून उभी केली आणि जग हेलावलं. आपल्याकडे त्याचा ‘बिच्छू’ झाला, त्याबद्दल न बोललेलं बरं. या एकट्या माणसाला लपवायला कुणी नसतंच. म्हणजे त्याचं आयुष्य दुहेरी नाही, फक्त गुप्त आहे. दुहेरीपण यायला घर लागतं, घरात वाट बघणारं माणूस लागतं.

तसं घर रिचर्ड कुक्लिन्स्कीला होतं. न्यू जर्सीत बायको, तीन मुलं, शेजारीपाजारी, अंगणात पाहुणे. 1986 साली पोलिसांनी त्याला धरलं आणि 1988 मध्ये खुनांसाठी शिक्षा झाली. पुढे तुरुंगातून मुलाखती देताना त्याने आपल्या खुनांचा आकडा शंभराच्या पुढे नेला. त्यावर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा प्रश्न. त्याच्यावर 2012 मध्ये ‘द आइसमॅन’ हा सिनेमा आला आणि मायकेल शॅननने तो माणूस दगडासारखा उभा केला. सिनेमा चांगला असूनही माझ्या मनाला फारसा लागला नाही, कारण त्यात बायको केवळ फसवली जाते, तिच्याकडे दुसरं काम नाही.

रिचर्ड लिंकलेटरच्या 2023 च्या ‘हिट मॅन’ने तर सगळ्या प्रकाराची गंमतच केली. ज्याच्यावरून तो सुचला तो गॅरी जॉन्सन नावाचा साधा माणूस ह्यूस्टनमध्ये कॉलेजात शिकवायचा आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयासाठी खोटा मारेकरी बनायचा. सुपारी द्यायला आलेली माणसं त्याच्याशी बोलायची, पैसे काढायची आणि पकडली जायची. वाटेल त्याने फोन फिरवावा आणि काम फत्ते व्हावं असा खासगी मारेकरी मुळात सिनेमानेच घडवला, पण लोक त्याच्यावर इतका विश्वास ठेवतात की त्या विश्वासावर पोलिसांना सापळे लावता येतात. मला हा सिनेमा आवडला तो या कोपरखळीसाठी.

मुंबईत मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणगावातल्या चाळींतून जी पोरं मोठी झाली त्यांच्यापुढे गिरणीचं दार बंद होतं आणि नाक्यावरचं उघडं. टोळीतला शूटर हा सिनेमातल्यासारखा हातमोजे घातलेला तज्ज्ञ नव्हता. बहुतेकदा तो विशीतला, अर्धवट शिकलेला, थोड्या पैशांत आणि ‘भाईचा माणूस’ या प्रतिष्ठेत विकला गेलेला पोरगा होता. रोजंदारीच म्हणा. तो मोटारसायकलच्या मागे बसायचा, घोडा पँटीत खोचायचा, आणि संध्याकाळी घरी आईच्या हातचं जेवायचा.

1997 हे वर्ष आठवा. 16 जानेवारीला दत्ता सामंतांचा पवईत खून झाला. जूनमध्ये निर्माते मुकेश दुग्गल मारले गेले. 12 ऑगस्टला अंधेरीत देवळातून बाहेर पडणाऱ्या, कॅसेट कंपनीचे मालक असलेल्या गुलशन कुमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हिंदी सिनेमावाले त्या दिवसांत फोनची घंटा वाजली तरी दचकत होते. ‘सत्या’ याच काळात तयार होत होता, आणि त्याच्या सुरुवातीलाच एका सिनेनिर्मात्याचा खून होतो. कुणाला त्यात चटकदारपणा दिसला तर दिसो. त्या वेळी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ती बातमी होती.

गुलशन कुमार खटल्यात सरकारी बाजू मांडणारे उज्ज्वल निकम आपल्या जळगावचे. म्हणून त्या खटल्याच्या बातम्या खान्देशात जरा जास्तच आवडीने वाचल्या गेल्या. 2002 च्या एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा 19 आरोपींपैकी 18 सुटले आणि एकाला जन्मठेप झाली. पुढे 2021 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली आणि सुटलेल्यांपैकी आणखी एकाला दोषी धरलं. गोळी चालवणारा हात सापडतो, त्या हातात पैसे ठेवणारा हात सापडणं अवघड. ‘सत्या’ची पटकथा लिहिणाऱ्या अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांना हे निकालाच्या चार वर्षं आधीच कळलं होतं, असं सिनेमा बघताना जाणवतं.

आता दोन घरं.

पहिलं टोळीच्या म्होरक्याचं, भिकू म्हात्रेचं. मनोज बाजपेयीला या भूमिकेने सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिलं, आणि समुद्राकाठच्या खडकावर उभं राहून तो जे ओरडतो ते गल्लीतल्या पोरांना अजून तोंडपाठ आहे. पण भिकू खरा कळतो तो घरी. शेफाली शहाची प्यारी त्याला तुरुंगातून आल्यावर ओवाळून घेत बसणारी नाही. ती त्याच्याशी भांडते, घरखर्चाचं बोलते, मुलांपुढे आवाज चढवते, तोही चढवतो, मग दोघं हसतात. या घरात कसलंही गुपित नाही. नवरा काय करतो हे प्यारीला पुरतं ठाऊक आहे. पोलीस कधीही येतील, नवरा कधीही जाईल, हे गृहीत धरून तिने संसार मांडलाय. लग्नाच्या त्या नाचगाण्यात हे दोघं नाचतात तेव्हा ते खून करणाऱ्याचं कुटुंब आहे हे आपण विसरतो, आणि नेमकं हेच दिग्दर्शकाला हवं असतं. भिकूचं आयुष्य दुहेरी नाही. त्याचं एकच आयुष्य आहे, ते दोन्हीकडे सारख्याच आवाजात चालतं.

दुसरं घर विद्याचं. सत्या मुंबईत येतो तेव्हा त्याला गाव नाही, आई-बाप नाहीत, मागचं काही नाही. सिनेमा त्याच्या भूतकाळाबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि जे. डी. चक्रवर्तीचा चेहराही काही सांगत नाही. बारमध्ये वेटर, राहायला गुरांचा गोठा, मग एका गुंडाशी वाकडं येऊन तुरुंग. तुरुंगात भिकू भेटतो आणि बाहेर आल्यावर त्याला एक खोली मिळते. शेजारच्या दारात उर्मिला मातोंडकरची विद्या राहते. आजारी वडील, आई, गाणं शिकलेली मुलगी, सिनेमात गायची संधी शोधणारी. खून करून आलेला माणूस त्या घरात शिरतो, बोलतो, हळूहळू हसायला शिकतो.

इथे मला वर्मांची चलाखी सगळ्यात जास्त आवडते. साधारणपणे दुहेरी आयुष्याच्या गोष्टीत आधी एक सभ्य आयुष्य असतं आणि त्यामागे काळं काहीतरी दडलेलं असतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड आपल्या आजोबांनी भाड्याच्या वाचनालयातून आणून वाचले ते याच मजेसाठी. वर सभ्य गृहस्थ, आत दुसराच कुणी. सत्याचं उलट आहे. त्याचं पहिलं आणि खरं आयुष्य टोळीतलं. सभ्य आयुष्य त्याला मुळात मिळालेलंच नाही, ते तो विद्याच्या घरात पहिल्यांदा जगून बघतो. त्यामुळे तो तिच्याशी खोटं बोलतो तेव्हा प्रेक्षकाला राग येत नाही. आपण त्याच्या बाजूने कुजबुजू लागतो, सांगू नकोस, आत्ता नको, अजून थोडं. थिएटरातला प्रत्येक माणूस त्या खोटेपणात सामील होतो. विद्याला गाणं मिळावं म्हणून सत्या एका संगीतकाराला धमकावतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांत आपण काय मान्य करतोय ते आपल्याला कळत नाही, आणि कळावं असा दिग्दर्शकाचा त्या क्षणी आग्रहही नाही.

तो हिशेब थिएटरच्या प्रसंगात होतो. सत्या विद्याला घेऊन सिनेमाला जातो. टोळीच्या वैरातला एक जण त्याला ओळखतो आणि पोलिसांना कळवतो. इन्स्पेक्टर खांडिलकर येतो आणि बाहेर जायला एकच वाट उरते. म्हणजे आता ओळखपरेड होणार आणि विद्याच्या डोळ्यांसमोर होणार. सत्या काय करतो? पिस्तूल काढून जमिनीच्या दिशेने एक गोळी झाडतो. कुणाला मारायला म्हणून ती गोळी झाडलेली नाही. ती गर्दीत पळापळ व्हावी म्हणून आहे. आणि पळापळ होते. त्या एकाच उघड्या वाटेकडे सगळं थिएटर धावतं, माणसं एकमेकांच्या पायांखाली चिरडली जातात. वर्षभरापूर्वीच, जून 1997 मध्ये, दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आगीत 59 माणसं बंद दारांमागे गुदमरून गेली होती. तेव्हाच्या प्रेक्षकाला हा प्रसंग नुसता पडद्यावरचा वाटणं शक्य नव्हतं.

या प्रसंगावर पुढच्या लेखांत दोघांनी लिहिलंय. दोघांचाही सूर पोलिसांच्या निष्काळजीपणाकडे झुकतो. मला त्यात भर घालायची आहे. सगळ्या सिनेमात सत्याने सुपारी घेऊन किंवा सूडापोटी जितकी माणसं मारली असतील, त्याहून जास्त माणसं तो या एका गोळीने मारतो, आणि ती टोळीसाठी नाहीत, पैशांसाठी नाहीत. ती शेजारच्या घरातलं एक गुपित टिकावं म्हणून मेली. प्रेमकथेतलं खोटं हे दोघांपुरतं असतं अशी आपली समजूत. इथे त्याची किंमत पंख्याखाली बसून मध्यंतरात समोसा खाणारी अनोळखी माणसं देतात. त्यानंतर सत्या मुळापासून हलतो, विद्याला सगळं सांगून टाकायचं म्हणतो, भिकू दोघांना दुबईला पाठवायची तयारी करतो. पण वेळ गेलेली असते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टोळीच्या मागे असलेला, निवडणूक जिंकलेला पुढारी भाऊ झावळे आपल्याच घरात, आपल्या माणसांसमोर भिकूला गोळी घालतो. गोविंद नामदेवांनी हा भाऊ असा काही उभा केलाय की प्रत्येक तालुक्यातल्या माणसाला त्यात आपल्याकडचा कुणीतरी दिसावा. कुणाला कोण दिसतं ते मी इथे लिहीत नाही. याचंही आयुष्य दुहेरीच आहे, फरक इतकाच की ते सगळ्यांना ठाऊक असून कुणी त्याला तसं म्हणत नाही. सत्या त्याला गणपती विसर्जनाच्या गर्दीत, गुलालात आणि ढोलांत गाठून भोसकतो. आणि तिथून थेट विद्याच्या दाराशी येतो. पोलिसांनी तिला आधीच सगळं सांगितलेलं असतं. ती दार उघडत नाही. तो दार ठोठावतो, विनवतो, आणि खांडिलकरच्या गोळीने मरतो. विद्याला सत्य कुणी सांगितलं? पोलिसांनी. ज्याने सांगायला हवं होतं त्याला ते सांगताच आलं नाही.

भिकूच्या घरी कधी असा प्रसंग येऊच शकला नसता. त्या घरात दार बंद करून ठेवण्यासारखं काही नव्हतं. याचा अर्थ प्यारीचं घर चांगलं आणि विद्याचं घर फसवलेलं, असं मी म्हणत नाही. प्यारीचं माहीत असणं हीसुद्धा एक भागीदारीच आहे. नवऱ्याच्या पैशांतून आलेला फ्रिज तिने परत पाठवला नसणार.

‘सत्या’च्या आधीचा या वाटेवरचा मोठा सिनेमा म्हणजे विधू विनोद चोप्रांचा 1989 चा ‘परिंदा’. अण्णाच्या टोळीसाठी काम करणारा किशन धाकट्या भावाला, करणला, अमेरिकेत शिकायला ठेवतो. पैसे कुठून येतात ते त्याला कळू देत नाही. म्हणजे इथेही एक घर अंधारात आहे, फक्त ते समुद्रापार आहे. करण परत येतो, त्याचा पोलीस मित्र कबुतरांच्या फडफडाटात त्याच्या डोळ्यांसमोर मारला जातो आणि मग करणच टोळीत शिरून दुहेरी आयुष्य जगू लागतो. लपवणं एका भावाकडून दुसऱ्याकडे गेलं. नाना पाटेकरांच्या अण्णाला तेलाचा धंदा आहे, वरून बघितलं तर तो व्यापारी. त्याला आगीची भीती का वाटते हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. नानांना त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, रेणू सलुजांना संकलनासाठी. तरी ‘परिंदा’चा शेवट मला नेहमी थोडा नाटकी वाटतो. लग्नाची रात्र, नवं वर्ष, नौका, गोळ्या. चोप्रांना सुंदर दृश्यांचा मोह आवरत नाही. वर्मांना तेव्हा तो नव्हता.

त्याच नाना पाटेकरांना 2004 च्या ‘अब तक छप्पन’मध्ये शिमित अमीनने पोलिसाच्या वर्दीत बसवलं, आणि ही गोष्ट सरकारच्या बाजूला आली. साधू आगाशे एन्काउंटर करतो, हसतखेळत करतो, सहकाऱ्यांना टोमणे मारतो, घरी बायकोशी मायेने बोलतो. त्याच्या हातून मेलेल्यांचा आकडा वाढतो तसं त्याचं कौतुक वाढतं. मोक्का कायदा 1999 मध्ये आला, पण त्याआधी आणि नंतरही मुंबईत कायद्याबाहेरच्या या ‘चकमकी’ लोकांना पसंत होत्या. पेपरांत अधिकाऱ्यांचे फोटो आणि त्यांचे आकडे छापून येत. आगाशेच्या बायकोला नवरा काय करतो हे माहीत असतं, शेजाऱ्यांनाही. तरी ती मरते तेव्हाच घर आणि काम यांच्यामधली भिंत पडते. ‘सत्या’ ज्यांना आवडला त्यांनी हा सिनेमा त्याला जोडून बघावा. खांडिलकर पुढे काय झाला असेल याचं एक उत्तर त्यात आहे. याच्याही आधीचं मूळ शोधायचं तर श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘अर्धसत्य’ आहे, 1983 चा. पण तो या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर ठेवला.

मराठीतल्या सिनेमांवर थोडक्यात. महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ हिंदीत असला तरी त्यातलं घर अस्सल मराठी आहे, पण तिथे गुपित टिकत नाही. रघू गळ्यात सोनं घालून घरी येतो आणि आईला सगळं दिसतं. ‘दगडी चाळ’मध्ये साधा पोरगा डॅडींच्या माणसांत ओढला जातो. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये जमीन विकलेल्या बापासमोर मुलगा गुंड होतो आणि बाप हताशपणे बघतो. ‘रेगे’ या सगळ्यांत मला सरस वाटतो, कारण त्यात पोलिसांचं राजकारण कोवळ्या पोराच्या नजरेतून दिसतं. पण मराठी सिनेमाला मारेकऱ्याच्या घरातली शांतता फारशी जमलेली नाही. आपल्याकडे आई रडते, बाप खचतो, आणि प्रश्न मिटतो. खोटं बोलून चाललेला संसार, त्यातलं रोजचं चहापाणी, त्यातली माया, यावर मराठीत कुणी सिनेमा केला तर तो बघायला मी भुसावळला काय, मुंबईलाही जाईन.

वास्तवात हे चहापाणी रोज चालतं. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या झाडल्याबद्दल ज्या दोघांना 10 मे 2024 ला पुण्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, त्यातला एक अटक होईपर्यंत कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत होता. उरलेले तिघं आरोपी पुराव्याअभावी सुटले. खून ते अटक यात पाच वर्षं गेली. इतकी वर्षं एक तरुण सकाळी दुकानात येतो, बिलं लिहितो, घरी जातो. त्याच्यात सिनेमातल्यासारखं काही नाही. आलाँ दलाँचा कोट नाही, भिकूचा आवाज नाही. अशा माणसाची गोष्ट ‘सत्या’च्या पद्धतीने सांगता येणार नाही, कारण त्याच्यावर प्रेक्षकाला जीव लावायला सांगणं हे खुनात सामील व्हायला सांगण्यासारखं होईल. ही अडचण हिंदी सिनेमाने अजून ओलांडलेली नाही. आणि सुपारीच्या पैशांत आणि श्रद्धेच्या नावाखाली झाडलेल्या गोळीत फरक आहेच. तो पुढच्या एका लेखात नीट मांडलेला आहे, मी पुन्हा सांगत नाही.

वरणगावातून हे सगळं बघताना मला एक गोष्ट फार जवळची वाटते. कामाचं घरी न बोलणं. आमच्याकडे ते नियमामुळे आणि सवयीमुळे आहे, त्यात गुन्हा नाही, लाज नाही. तरी ज्या घरात बाप दिवसाचे आठ तास कशात घालवतो हे मुलांना फक्त एका शब्दात माहीत असतं, त्या घरात वाढलेल्या माणसाला विद्याचं न विचारणं विचित्र वाटत नाही. ती मूर्ख नाही. शेजारचा मुलगा चांगला वागतो, मदत करतो, आईशी आदराने बोलतो, मग आणखी काय विचारायचं? आपण सगळे शेजारच्या माणसाला इतपतच विचारतो. मुंबईच्या समीक्षकांनी विद्याच्या भोळेपणावर बरंच हसून घेतलंय. मला ते हसू शहरी वाटतं.

या पुस्तिकेतली एक उणीव मात्र इथेच सांगायला हवी, नाहीतर वाचक शेवटी मला धरतील. सगळ्या लेखांत भिकूवर पानंच्या पानं आहेत. सत्याच्या अबोलपणावर आहेत, टोळीतल्या कल्लू मामावर तर एका लेखकाने स्वतंत्र प्रकरणच लिहिलंय. ‘कंपनी’ आणि ‘डी’ धरून होणाऱ्या तीन सिनेमांच्या साखळीवर आहे, संदीप चौटांच्या पार्श्वसंगीतावर आहे, जेरार्ड हूपर आणि मझहर कामरान यांच्या छायाचित्रणावर आहे. प्यारीवर एकही लेख नाही. शेफाली शहाला या छोट्याशा भूमिकेसाठी समीक्षकांचं फिल्मफेअर मिळालं होतं, ते उगाच नाही. भिकू मेल्यावर त्या घराचं काय होतं, सगळं ठाऊक असलेल्या बाईच्या वाट्याला पोलीस, पक्ष आणि शेजारी यांच्यापैकी कोण आणि कसं येतं, यावर सिनेमा गप्प आहे आणि आम्हीही गप्प राहिलो. लेख मागवले तेव्हा आलेली सगळी नावं पुरुषांची होती, हे त्याचं कारण असू शकेल. दुसऱ्या आवृत्तीत प्यारीसाठी जागा राखून ठेवली आहे. कॉलनीतल्या, गावातल्या, भुसावळच्या ज्या बायकांनी हा सिनेमा बघितलाय त्यांनी लिहावं. चार पानं असली तरी चालतील, पोस्टकार्डावर लिहून पाठवलं तरी चालेल.